हा कसा मेला?

पारूबाय ताटावर बसली की आधी चौकशी करायची. ताट कुणाचंही असो, लग्नातलं असो की कारखान्याच्या कँटीनमधलं, पहिल्या घासाआधी ती वाटीकडे बोट दाखवून विचारणार, "हा कसा मेला?" वाढणारा गडबडायचा. कुणी म्हणे, "अहो, बकऱ्याचं मटण आहे." त्यावर ती शांतपणे, "बकरा हाय ते दिसतंय. कसा मेला ते इचारलं." उत्तर पटलं तर भरपूर खायची. नाही पटलं तर वाटी बाजूला सारून भात आणि लोणच्यावर जेवण उरकायची, आणि हे सगळं इतक्या सहज, की रागवावं की हसावं हे यजमानाला कळत नसे.

माझी आणि तिची ओळख अशीच झाली. ऐंशीच्या आसपासचा काळ. मी नुकताच बी.एस्सी. होऊन बोईसरजवळच्या एका गोठवण कारखान्यात केमिस्ट म्हणून लागलो होतो. पहिल्याच दिवशी दुपारी डबा उघडला. माकुणसारच्या मामाकडून आलेली वांगी आईने भरून दिली होती आणि वरून साजूक तूप सोडलं होतं. समोरच्या बाकावरची एक धिप्पाड बाई मशेरीने काळे पडलेले दात दाखवत पुढे वाकली.

"हा कसा मेला?"

"वांगं आहे ते," मी म्हणालो. "आम्ही शाकाहारी."

"वांगं मना कलतं. वर काय वतलंय?"

"तूप."

"मंग त्याच्या वासराला काय पाजलं?"

आमच्या घराण्यात सात पिढ्या कुणी अंड्याला शिवलं नव्हतं, चातुर्मासात कांदाही उंबऱ्याबाहेर असे, आणि इतकं पुण्य गाठीशी असताना वासराची चौकशी आजवर कुणी केलेली नव्हती. मी कोट झटकला आणि वांगं खाल्लं. ती माझ्या पांढऱ्या कोटाकडे बघून म्हणाली, "खा डाक्टर, खा. शिकलेला मानूस हायस, नवीन हायस." त्या दिवसापासून मी तिचा डाक्टर झालो.

पारूबाय नवापूरची. नवरा समुद्रात गेला तो गेलाच, मुलगा रघू दुसऱ्याच्या होडीवर. आठ महिने ती डोक्यावर टोपली घेऊन बोईसरच्या बाजारात मासे विकायची. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की चूल पेटती ठेवायला कारखान्यात यायची. ती साधुसंत नव्हती हे आधीच सांगून टाकतो. तिच्या तोंडी शिव्या मुबलक होत्या. तीन दिवसांचा पापलेट "आत्ता जाल्यातनं काडलाय" म्हणून विकताना तिची पापणी लवत नसे. एकदा मी हटकलं तर म्हणाली, "मेलेल्याचं वय लपवलं तर त्याला काय दुकतंय?" माशाच्या वयाबद्दल ती बिनदिक्कत खोटं बोलायची. त्याच्या मरणाबद्दल मात्र नाही.

आता त्या कारखान्याबद्दल. पावसाळा सोडून आठ महिने तिथे कोळंबी गोठवत. पावसाळ्यात समुद्र बंद, यंत्रं रिकामी, म्हणून मालकाने एक सुबक उद्योग शोधला होता: बेडकांच्या तंगड्या. परदेशात मोठमोठ्या हॉटेलांत पांढऱ्या रुमालावर त्या खातात म्हणे. वाणगावच्या पलीकडे भाताच्या खाचरांतून डोंगरातली माणसं बेडूक धरत, एजंट गोण्या भरून टेम्पोने आणून टाकी. त्या गोण्या हलत असत. आत टेबलांना उभी पाती ठोकलेली. बाया बेडूक धरून पात्यावर ओढत, मागचा अर्धा भाग पुढे सोलायला जाई आणि पुढचा अर्धा टोपलीत. टोपलीतले अर्धे बेडूक बराच वेळ हात हलवत बसत. मी पहिल्या दिवशी ती टोपली पाहिली आणि दुसऱ्या दिवसापासून त्या बाजूने जायचं टाळू लागलो. प्रयोगशाळेला दुसरं दार होतं, ती मोठी सोय होती.

माझं काम सोपं होतं. तंगड्यांवर जंतू नाहीत ना हे बघायचं आणि प्रत्येक मालाबरोबर जाणाऱ्या इंग्रजी कागदावर सही करायची. मी ते घरीदारी अभिमानाने सांगत असे: "मी असतो तिथे, पण खात नाही हं." एकदा हे वाक्य पारूबायच्या कानावर पडलं. ती पाती पुसत होती.

"तू खात नायस," ती म्हणाली, "पन सही करतोस."

"सही म्हणजे काय, कागदच तो."

"त्या कागदाबिगर तंगडी जाते काय परदेशाला?"

"नाही."

"मंग बेडूक कुनी मारला? मी येक, तू दोन, नि खानारा तीन. त्यातला खानारा येकटा चवीला तरी लागला. तुना काय भेटलं?"

पारूबाय आल्यावर एका पावसाळ्यातच बायांची मुकादम झाली, कारण तिच्याशी भांडायची कुणाची छाती नव्हती. मुकादम होताच तिने पहिलं काय केलं असेल तर एक मोठं पिंप मागवलं. त्यात मीठ, पाणी आणि बर्फाचा चुरा. मासेमारांना ठाऊक असतं, बर्फात जीव मंदावतो. बेडूक आधी त्या पिंपात जायचे. थंड पडले की एकेक बाहेर काढून लाकडी दांडक्याने डोक्यावर एकच ठोका, आणि मग पात्यावर. तिच्या गावात चिंबोरी म्हणजे खेकडे करतानाही तिची हीच रीत. बाकीच्या बाया जिवंत चिंबोरीच्या नांग्या मोडत, पारूबाय आधी सुरीचं टोक पोटाखाली बरोबर जागी खुपसून तिला संपवायची. "आदी मारायचं, मंग तोडायचं. तोडून तोडून नाय मारायचं," असा तिचा सरळ हिशेब. ठोका दिल्यावर ती बेडकाच्या पायाचं बोट चिमटायची. पाय मागे घेतला तर दुसरा ठोका. बाया याला 'पारूचा ठोका' म्हणत आणि तिच्यामागे हसत. हसत हसत करत मात्र तसंच. मी सही करत होतो त्या कागदावरही नियम तोच होता, हे मी तो मागाहून कधीतरी वाचला तेव्हा कळलं. सगळ्या किनाऱ्यावर तो नियम पाळणारी बहुधा ती एकटीच असावी, आणि तिला तो वाचताही येत नव्हता.

मला मात्र तिची खोडी काढायची हौस होती. एकदा विचारलं, "आणि तुमचे मासे? ते काय हसत मरतात? जाळ्यात तडफडूनच जातात ना?"

मला वाटलं आता शिवी येणार. शिवी आली नाही.

"वायटच मरतात," ती म्हणाली. "मी काय खोटं सांगू. पन मना भूक लागते, माज्या रघूला लागते. भुकेला खातो त्याच्याकडं देव बगत नाय. भरल्या पोटी खातो त्याच्याकडं बगतो. ह्या तंगड्या खातात त्यांची पोटं भरलेली हायत, डाक्टर. हे जिबेचं काम."

"मग तू इथे का येतेस?"

"माजं पोट भरलेलं नाय म्हनून," ती म्हणाली आणि पिंपात बर्फ ओतायला गेली.

एकदा मी तिला पालघरला घरी जेवायला नेलं. आईने सोवळं जरा सैल करून तिला माजघरात बसवलं. पुरण, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, वर तूप. आई हात जोडून म्हणाली, "आमच्याकडे हिंसा नाही बाई, सावकाश जेवा." पारूबायने ताट न्याहाळलं आणि मान डोलावली. मग तिची नजर आईच्या नेसणीकडे गेली. आईने पाहुणी येणार म्हणून ठेवणीतलं रेशमी लुगडं नेसलं होतं.

"लुगडं सुरेक हाय," पारूबाय म्हणाली. "किडं आदी मारतात का तसंच उकलतात?"

आईला कोशेटा, उकळतं पाणी, त्यातला किडा हे सगळं पहिल्यांदाच कळलं. पारूबाय निघून गेल्यावर आई माझ्यावर दोन दिवस रागावली होती. पण तिसऱ्या दिवशी सोवळ्याला सुती लुगडं नेसून पूजेला बसली, आणि बाबांनी विचारलं तर म्हणाली, "उकडतं हल्ली रेशमात."

मग आषाढात परदेशी गिऱ्हाईक आलं. गोरा, उंच, गुलाबी गालांचा, बोलायला गोड माणूस. त्याच्या देशात त्याची हॉटेलं होती. मॅनेजरने कारखान्याच्या भिंतींना चुना काढला, दारात रांगोळी काढवली आणि टोपल्या मागच्या बाजूला हलवल्या. पाहुण्याला आपल्याच तंगड्या आपल्याच जागी खिलवायच्या असं ठरलं. कँटीनच्या आचाऱ्याने बेडकाला हात लावायला साफ नकार दिला. राहिली पारूबाय. पाहुण्याने पद्धत लिहून पाठवली होती: लोणी, लसूण, मीठ, बस्स. मी ती वाचून दाखवली. पारूबायला त्या माणसाची कीव आली. "बिचाऱ्याला आय नव्हती काय," म्हणत तिने चिमूटभर घरचा मसाला टाकलाच.

टेबलावर तिघंच होतो. पाहुणा, मॅनेजर आणि दुभाषा म्हणून मी. माझ्या ताटात अर्थात बटाटे. पाहुण्याने पहिली तंगडी उचलली, चावली, डोळे मिटले. मसाल्याने कपाळावर घाम आला तरी थांबेना. हाडं ताटाच्या कडेला नीट रांगेत मांडत होता. पारूबाय दारात डाव घेऊन उभी राहून बघत होती.

"डाक्टर," ती म्हणाली, "त्याला इचार. हा कसा मेला ते त्याला मायती हाय काय?"

मॅनेजरने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला. तेवढी गरज नव्हती. पाहुण्याने भुवया उंचावून माझ्याकडे पाहिलं, काय म्हणते ही? मी इंग्रजीत म्हणालो, "विचारतेय, चव आवडली का?"

पाहुणा मोकळा हसला. "सांगा तिला, अप्रतिम. इतकं चांगलं आमच्याकडेही कुणी करत नाही."

मी पारूबायकडे वळलो. "म्हणतात, सगळं माहीत आहे."

ती पाहुण्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. डाव घेऊन आत गेली. मी बटाटे संपवले. चांगले झाले होते.

पाहुणा इतका खूश होऊन गेला की पंधरा दिवसांत मागणी दुपटीवर गेली. एकाऐवजी दोन टेम्पो येऊ लागले. गोण्या अंगणात साचू लागल्या आणि मॅनेजरला ते पिंप खुपू लागलं. त्याने घड्याळ लावून बघितलं: पिंप आणि ठोका यांत सगळा वेळ जातो. एका सकाळी बाया आल्या तर पिंप उलटं करून भिंतीला लावलेलं, दांडके गायब. "डायरेक्ट कापा," मॅनेजर म्हणाला. "कापल्यावर मरतंच की."

बायांनी पारूबायकडे पाहिलं. ती पात्यापाशी बसली, पण एकही बेडूक उचलला नाही. दुपारपर्यंत माल तयार झाला. कागद आला. त्या कागदावर खाली दोन जागा असत, एक मुकादमाच्या अंगठ्यासाठी आणि एक माझ्या सहीसाठी. पारूबाय इतके दिवस अंगठा देत आली होती, कारण कुणीतरी तिला सांगून ठेवलं होतं की कागदावर 'माल ताजा आहे' असं लिहिलंय. ताजेपणाबद्दल तिचा अंगठा केव्हाही तयार असे. तो गुण धंद्यातलाच.

त्या दिवशी तिने अंगठा शाईच्या डबीवर टेकवला आणि थांबली.

"डाक्टर, काय लिवलंय ते वाच."

"नेहमीचंच आहे."

"नेमीचंच वाच."

मी वाचून दाखवलं. यात काही शौर्य नव्हतं. मला घाई होती, डोकं दुखत होतं, आणि खोटं रचायला जेवढा वेळ लागतो तेवढाही नव्हता. कागदावर होतं: हे बेडूक कापण्याआधी वेदना न होऊ देता मारले आहेत, असे आम्ही खाली सही करणारे स्वतः पाहून लिहून देतो.

"आसं लिवलंय?"

"हो."

"आदीपासनं आसंच?"

"हो."

"मंग कालपरयंत माजा अंगठा खरा व्हता," ती म्हणाली. तिला ते ऐकून बरं वाटलेलं दिसलं. मग तिने शाईचा अंगठा लुगड्याच्या ओच्याला पुसला. "आज नाय लागत."

मॅनेजर आला. आधी समजावलं, मग दरडावलं. पावसाळा अजून दीड महिना होता, होड्या किनाऱ्यावर होत्या, रघूला काम नव्हतं, हे त्याने तिलाच मोजून दाखवलं. ती ऐकून घेत राहिली. शेवटी म्हणाली, "सायेब, तुमी सांगाल तर हा माल आज समुद्रातनं आलाय म्हनून अंगठा देते. हा उडत उडत आला म्हनून देते. पन ह्याला दुकलं नाय म्हनून नाय देनार. ती टोपली तितं हाय. जाऊन बगा, अजून हात हलवतंय त्यातलं." मॅनेजर टोपली बघायला गेला नाही. म्हणाला, मग उद्यापासून येऊ नकोस.

बाकीच्या बाया मान खाली घालून उभ्या होत्या. त्यांच्याही चुली होत्या. पारूबायने त्यांना चला म्हटलं नाही. उलट जाता जाता सांगितलं, "तुमी कापा ग. पात्याला तरी धार लावून घ्या." आणि डबा उचलून फाटकाबाहेर गेली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही, कारण तिच्या मते आता माझी पाळी होती आणि तिच्यासमोर सही करायला मी लाजेन असं तिला वाटलं असावं.

मुकादमाच्या अंगठ्याची जागा रिकामी. मॅनेजरने टेम्पोच्या ड्रायव्हरला हाक मारली. ड्रायव्हर भला माणूस. म्हणाला, "अंगूठा ही तो है साहब, लगा देता हूँ, इसमें क्या है," आणि लावला. त्याने बेडूक गोणीत सोडून कुठे पाहिलाही नव्हता. मग कागद माझ्यापुढे आला. मी त्या ड्रायव्हरच्या ओल्या अंगठ्याशेजारी माझी सही केली, पूर्ण नाव, खाली पदवी.

राजीनामा वगैरे मी दिला नाही. अशा गोष्टींत माणसं राजीनामे देतात ती बहुधा दुसऱ्यांच्या आठवणींत. मी पुढेही पावसाळ्यामागून पावसाळे तिथेच होतो आणि प्रत्येक मालावर सही करत होतो. त्या वर्षी पारूबायने उरलेला पावसाळा सुक्या बोंबलांवर काढला, कानातली कुडी मोडली, आणि समुद्र उघडल्यावर पुन्हा बोईसरच्या बाजारात येऊन बसली. बाजारात माझी तिची गाठ पडे. मी नमस्कार करी. ती शेजारणीला मोठ्याने सांगे, "हा बग, आमचा सहीवाला." डाक्टर संपला होता.

पुढे सरकारने बेडकांच्या तंगड्या परदेशी पाठवायला बंदी घातली. बेडूक कमी झाले, शेतात किडे वाढले, गावांत डास वाढले, अशी ओरड झाली होती. मी मुद्दाम बाजारात जाऊन ती बातमी तिला सांगितली. जणू बंदी मीच आणली होती. ती टोपलीतल्या बांगड्यांवर पाणी शिंपडत होती.

"सरकारला बेडकाची दया नाय आली," ती म्हणाली. "डासाचा राग आला." पण त्या दिवशी तिने मला बसायला गोणपाट पुढे केलं.

कारखान्यातला तो विभाग बंद झाला आणि मी तारापूरला एका रंगाच्या कारखान्यात लागलो. तिथे कशाचा जीव जातो याची चौकशी मी केली नाही. एका रविवारी मात्र उठून नवापूरला तिच्या घरी गेलो. ती थकली होती, बाजार सुनेने, सुमनने, हाती घेतला होता. पारूबायने म्हातारपणी एक बकरी पाळली होती आणि ओसरीवर बसून तिला शिव्या देत होती. इतक्या वर्षांत मला एक गोष्ट आतून खात होती. ती मी सांगून टाकली. त्या गोऱ्या पाहुण्याला मी तिचा प्रश्न विचारलाच नव्हता, चव आवडली का एवढंच विचारलं, आणि त्याचं उत्तर म्हणून जे सांगितलं ते माझं होतं. कदाचित विचारलं असतं तर त्याने चौकशी केली असती. कदाचित मागणी दुप्पट झाली नसती. कदाचित पिंप राहिलं असतं.

ती बकरीच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"मना तवाच कललं," ती म्हणाली.

"कसं?"

"तो हसला. आसं इचारल्यावर मानूस हसत नाय."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बगत व्हते, तू कवा सांगतोस." आणि वर, "लई येळ लावलास." मला रडू आलं. तिने रडू दिलं आणि मधेच म्हणाली, "जेवशील? भात नि भोपला हाय. भोपला झोपेतच तोडलाय." मी जेवलो. त्या ओसरीवरचा तो भात मला माझ्या आईच्या हातच्या कुठल्याही जेवणापेक्षा गोड लागला, हे आईला मी कधी सांगितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेल्याचं बाजारात कळलं. मी नवापूरला पोचलो तेव्हा अंगणात माणसं बसली होती. रघू भिंतीला टेकून, हातातली बिडी विझलेली. सुमन येणाऱ्याजाणाऱ्याला एकच सांगत होती, "शांत गेली. झोपेत गेली. काय तरास नाय झाला." माणसं माना डोलावत होती, पुण्यवान होती म्हणत होती. मीही मान डोलावली.

गर्दी हटल्यावर सुमनने मला मागच्या दारी बोलावलं.

"तुमीच ते डाक्टर ना?"

मी हो म्हणालो. मला तो शब्द पुन्हा ऐकू येईल असं वाटलं नव्हतं.

"आय सांगून गेली. समद्यांना सांग, झोपेत गेली. पन डाक्टर इल त्याला खरं सांग. तो इचारनार नाय, लाजंल. तू सांग."

आणि तिने सांगितलं. मशेरीने घसा धरला होता. शेवटी घास जाईना, मग पेज जाईना, मग पाणी जाईना. जिला साऱ्या पंचक्रोशीतल्या ताटांची चौकशी असे तिला शेवटचे नऊ दिवस काही गिळता आलं नाही. बर्फाचा तुकडा ओठांवर फिरवला की तेवढा वेळ कण्हणं थांबे. आठव्या दिवशी तिने रघूला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "बेडकाला देत व्हते त्येवडा तरी मना दे रे. येक ठोका." रघू बाहेर जाऊन वाळूत बसला, तो दुसऱ्या दिवशी ती गेल्यावरच उठला.

मी मधे तोंड फिरवलं नाही. टोपलीच्या वेळी फिरवलं होतं, दुसऱ्या दाराने गेलो होतो. आता सुमनने शेवटपर्यंत सांगितलं आणि मी शेवटपर्यंत ऐकलं. कुणाच्या मरणाचा खरा कागद माझ्या हाती आलेला तो एकच, आणि त्यावर सही मागायला कुणी नव्हतं.

सुमनने डोळे पुसले आणि आतून चहा आणला. कप माझ्या हातात देताना ती जरा थबकली.

"दूद बकरीचं हाय," ती म्हणाली. "करडू आदी प्यालंय. या, दाखवते."

मी कप तसाच हातात धरून तिच्यामागे गेलो. करडू कुंपणाशी पाय पोटाशी घेऊन झोपलं होतं. त्याच्या तोंडाला दुधाचा फेस होता. ते नीट बघून घेतलं आणि मग मी चहा प्यायलो.